हाड शरीरातच वाढतंय तर मग कंबरेतून काढायचं कशाला?

मागच्या अंकात न जुळणाऱ्या फ्रॅक्चरवर लिहिलं आणि त्यावर एवढे प्रश्न आले की या वेळचा अख्खा कॉलम हाडाच्या ग्राफ्टलाच, म्हणजे एका जागचं हाड काढून दुसरीकडे भरण्यालाच, देऊन टाकतोय. बहुतेकांचं म्हणणं फिरून फिरून तेच, की हाड म्हणे आता शरीरातच तयार करता येतं, मग आमच्या पेशंटला का नाही? नावं काढून टाकलीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा गेलीये, कारण त्यात बाकीच्यांचंही बरंचसं येऊन जातं.

प्रश्न : डॉक्टर साहेब नमस्कार. मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. मागच्या वर्षी छाटणीच्या टायमाला पोराचा हायवेवर गाडीवरून अपघात झाला, नडगीचं हाड मोडून बाहेर आलं होतं. रॉड टाकला, पण दहा महिने झाले हाड काही धरंना. नाशिकचे डॉक्टर म्हणतात कंबरेच्या हाडातून तुकडे काढून तिथं भरू. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो काका आता कंबर फोडायची गरजच नाही, शास्त्रज्ञांनी पायाच्या हाडावर जेल टाकून नवीन हाड उगवलंय आणि ते काढून दुसरीकडे बसवलंय. हे खरं आहे का? असेल तर थांबतो मी, पोराला आधीच लई त्रास झालाय.

उत्तर : दादा, पुतण्या थापा मारत नाहीये. फक्त ते पाय सशाचे होते हे त्याने सांगितलं नाही किंवा त्याने वाचलं त्यात शेवटी कुठंतरी बारीक अक्षरात असणार.

झालं असं होतं. २००५ साली मॉली स्टीव्हन्स, रॉबर्ट लँगर, प्रसाद शास्त्री आणि त्यांच्या टीमने न्यूझीलंड व्हाइट जातीच्या सशांवर हा प्रयोग केला. आपल्या प्रत्येक हाडावर एक पातळ आवरण असतं, पेरिऑस्टियम म्हणतात त्याला, आणि त्याच्या आतल्या बाजूच्या पेशी हाड बनवायला कायम तयार असतात, फक्त काहीतरी जखम झाली की कामाला लागतात. या लोकांनी काय केलं तर नडगीचं हाड आणि ते आवरण याच्यामध्ये आधी सलाइन सोडून आवरण वर उचललं, म्हणजे मध्ये पोकळी झाली, आणि त्या पोकळीत अल्जिनेटचं जेल भरलं. अल्जिनेट म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेला पदार्थ, कॅल्शियम मिळालं की घट्ट होतो. बस. बाहेरून पेशी सोडल्या नाहीत, कुठलं ग्रोथ फॅक्टरचं (पेशींना वाढायला लावणारं) महागडं औषध घातलं नाही. शरीराला वाटलं इथं जखम झालीये, आवरणातल्या पेशी कामाला लागल्या आणि ती पोकळी हाडाने भरून आली. आधी कच्चं, विणल्यासारखं हाड, मग ते पिकून पक्कं, आणि ताकदीला तपासलं तर मूळ हाडासारखंच. मग ते काढून त्याच सशाच्या दुसऱ्या पायात मुद्दाम केलेल्या खाचेत बसवलं तर सहा आठवड्यांत तिथं एकजीव झालं, आणि जिथून काढलं तिथंही काही बिघाड दिसला नाही.

मला स्वतःला या प्रयोगातलं जे सगळ्यात आवडतं ते हे की त्यांनी फार काही केलंच नाही, जागा करून दिली आणि थांबले. तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर समजेल. डॉगरिज जातीच्या खुंटावर द्राक्षाची काडी भरताना सालीच्या लगेच खालचा ओला थर दोन्हीकडचा एकमेकाला भिडला तरच कलम धरतं, लाकूड लाकडाला कितीही घट्ट बांधलं तरी उपयोग नाही, कारण वाढणारं जे काय आहे ते त्या थरातच आहे. हाडाचंही तसंच, वाढ आवरणाखाली. आणि हे साम्य माझ्या डोक्यातलं नाही बरं का. १७४० च्या दशकात दुआमेल नावाचा एक फ्रेंच माणूस होता, तो मुळात झाडांचा अभ्यासक. त्याने प्राण्यांच्या हाडावरच्या आवरणाखाली चांदीची तार घातली, काही दिवसांनी बघतो तर तारेवर हाड चढलेलं. त्यावरून तो म्हणाला की झाडाच्या सालीखाली जसा वाढीचा थर असतो तसाच हाडालाही आहे. त्या आतल्या थराला आजही आमच्या पुस्तकात झाडाच्याच थराचं नाव आहे, कँबियम.

आता थांबायचं का, तर नाही, अजिबात नाही. आवरण सशात आणि लहान मुलांत जाड असतं, पेशींनी भरलेलं असतं, म्हणून तर पोरांची फ्रॅक्चरं पटापट जुळतात. वय वाढतं तसं ते पातळ होतं आणि सुस्तावतं. सशाच्या पायात लागतो तेवढा तुकडा आणि माणसाच्या नडगीत लागतो तेवढा तुकडा यात पण मोठा फरक आहे, कारण हाडातली पेशी रक्ताच्या बारीक नळीपासून मिलीमीटरच्या एक-दोन दशांशापेक्षा लांब गेली की तिला खायला मिळत नाही, म्हणजे तुकडा जेवढा मोठा तेवढी त्याच्या मध्यात रक्त पोचवायची पंचाईत. त्यानंतर मेंढ्यांवरही कामं झाली, टेक्सासच्या राइस युनिव्हर्सिटीच्या लोकांनी मेंढ्यांच्या फासळीला लागून प्लास्टिकचे छोटे कप्पे बसवून त्यात हाड वाढवलं आणि ते जबड्यात लावलं, २०१९ मध्ये ते छापून आलं. मेंढी सशापेक्षा माणसाच्या जवळची, वजनानेही आणि हाड भरून येण्याच्या वेगानेही. म्हणजे काम पुढं चाललंय. पण तुमच्या पोराच्या नडगीसाठी उद्या सकाळी कुणी हे करून देईल अशी ती गोष्ट नाही, आणि कुणी देतो म्हणाला तर त्याच्यापासून लांब राहा.

कंबरेचं ग्राफ्ट म्हणजे नेमकं काय ते पण सांगतो, कारण कंबर फोडतात म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. पँटचा पट्टा बसतो ना तिथं हाताला लागणारी हाडाची कड असते, तिथून आतलं मऊ स्पंजासारखं हाड खरवडून काढतात. दुखतं, खोटं नाही सांगत. बरेच पेशंट म्हणतात पायापेक्षा कंबरच जास्त ठणकली, काहींना महिनोन्‌महिने ठणकतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहू शकतो, आणि माल पण मर्यादित, हवा तेवढा निघत नाही. याच कारणाने तर सशाचे प्रयोग करावे लागले. पण त्या मालात हाड बनवणाऱ्या जिवंत पेशी आहेत, त्यांना बोलावणारे रासायनिक निरोप आहेत आणि बसायला जाळी पण आहे, तिन्ही एकत्र, आणि सगळं त्याच माणसाचं. बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही पावडरीत हे तिन्ही एकत्र नाही.

आणि पुतण्याला हे पण सांगा की शरीरातच हाड वाढवायचं काम आम्ही सर्जन लोक कधीचंच करतोय. फ्रान्सचे मास्केले म्हणून सर्जन, त्यांनी १९८० च्या दशकात पद्धत काढली, हाडात मोठी गॅप असेल तर आधी तिथं बोन सिमेंटचा ठोकळा ठेवायचा. सहा ते आठ आठवड्यांत शरीर त्या ठोकळ्याभोवती स्वतःहून एक पापुद्रा तयार करतं, त्यात रक्ताच्या नळ्या असतात, हाड वाढवणारे पदार्थ सुटतात त्यातून. मग पापुद्रा उघडायचा, ठोकळा काढायचा आणि त्या पिशवीत ग्राफ्ट भरायचं. पिशवी शरीरानेच बनवलेली, आत भरायला मात्र कंबरेचंच हाड लागतं, म्हणून म्हणतो त्या कंबरेला एवढं घाबरू नका.

ऑपरेशनच्या आधी तुमच्या डॉक्टरांना एवढं मात्र जरूर विचारा की हाड धरत का नाहीये. हाड बाहेर आलेलं फ्रॅक्चर होतं म्हणजे आत कुठं बारीक इन्फेक्शन लपलंय का हे आधी बघायला लागतं, नाहीतर भरलेलं ग्राफ्ट पण वाया जातं. रॉड ढिला आहे का तेही बघतील. आणि पोराला जवळ बसवून विचारा, तंबाखू-सिगरेट चालू आहे का. तुमच्यासमोर नाही म्हणेल, पण विचारा. निकोटीनने रक्ताच्या नळ्या आवळतात आणि सिगरेट ओढणाऱ्याचं नडगीचं हाड उशिरा जुळतं हे आम्ही ओपीडीत रोज बघतो. एवढं केलं तर पुढच्या छाटणीला पोरगं बागेत उभं असायला हरकत नाही, अर्थात शब्द तुमच्या डॉक्टरांचाच धरायचा, मी एक्सरे बघितलेला नाही.

प्रश्न : आमच्या मिस्टरांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आहे, खालच्या जबड्याचा एका बाजूचा भाग काढणार आहेत. ते अंबडला कंपनीत आहेत, गुटख्याची सवय होती. डॉक्टर पायाचं हाड काढून जबडा बनवू म्हणाले. पायाचं काढल्यावर चालता येईल का? आणि परदेशात म्हणे एका माणसाच्या पाठीत जबडा वाढवला होता, ते इथं होतं का? (सातपूर)

उत्तर : ताई, पाठीत जबडा वाढवला ही गोष्ट खरी आहे, आणि ऐकायला अचाट वाटते. जर्मनीतलं कील शहर, २००४. ५६ वर्षांचा माणूस, कॅन्सरमुळं जबडा काढून आठेक वर्षं झालेली, तेव्हापासून पातळ नाहीतर मऊ खाण्यावर. डॉक्टरांनी सीटी स्कॅनवरून त्याच्या जबड्याच्या मापाची टायटॅनियमची जाळी बनवली, तिच्यात गाईच्या हाडातून मिळणाऱ्या खनिजाचे ठोकळे, बीएमपी-७ नावाचं हाड वाढवणारं प्रथिन आणि त्याच्याच हाडातला मगज भरला, आणि ती जाळी त्याच्या पाठीच्या मोठ्या स्नायूत पुरून ठेवली. सात आठवडे तो माणूस पाठीत जबडा घेऊन हिंडत होता! मग रक्ताच्या नळ्यांसकट काढून तोंडात बसवला आणि महिनाभराने त्याने ब्रेड आणि सॉसेज खाल्लं. एवढं बातम्यांत आलं. सव्वा वर्षाने तो हार्ट बंद पडून वारला हे बातम्यांत फारसं आलं नाही. त्याचा जबड्याशी संबंध नव्हता, पण एका पेशंटवरून एवढ्या कमी काळात काय ठरवणार, म्हणून ती पद्धत रोजच्या वापरात आली नाही. आणि कॅन्सरच्या पेशंटमध्ये पेशी वाढवणारं प्रथिन घालायचं म्हटलं की कुणीही दहादा विचार करतो, केलाच पाहिजे.

तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय ते फिब्युलाचं ऑपरेशन. पोटरीत बाहेरच्या बाजूला जे बारीक हाड असतं ते, वजन पेलायचं मुख्य काम शेजारच्या जाड हाडाचं. घोट्याजवळचा आणि गुडघ्याजवळचा भाग ठेवून मधलं हाड त्याच्या रक्तवाहिनीसकट काढतात, जबड्याच्या आकारात कापून वळवतात आणि ती रक्तवाहिनी मानेतल्या रक्तवाहिनीला मायक्रोस्कोपखाली जोडतात. रक्ताच्या नळ्यांसकट हे हाड हलवायची सुरुवात १९७५ ला ऑस्ट्रेलियात झाली आणि जबड्यासाठी १९८९ पासून वापरतात, म्हणजे चांगलं मुरलेलं ऑपरेशन आहे. मिस्टर चालतील. सुरुवातीला काही आठवडे लंगडतील, घोटा थोडा कडक राहू शकतो, पळण्याचं बघावं लागेल. पायाची काळजी सोडा आणि गुटखा घरात परत येणार नाही तेवढं बघा, रेडिएशन द्यायचं ठरलं तर दातांच्या डॉक्टरांना आधी दाखवून घ्या.

प्रश्न : मी इंदिरानगरला राहते, वय ६४. दात बसवायचेत, इम्प्लांट. डेंटिस्ट म्हणतात हाड झिजलंय, बोन ग्राफ्टची पावडर टाकावी लागेल. मैत्रीण म्हणाली ती पावडर गाईच्या हाडाची असते. आम्ही पूर्ण शाकाहारी, माळकरी घर. आता काय करू?

उत्तर : मैत्रीण बरोबर आहे, बऱ्याच वेळा असते. गाईचं हाड तापवून, प्रक्रिया करून त्यातलं सगळं प्रथिन काढून टाकतात, राहतं ते फक्त खनिज. वैद्यकीय दृष्टीने ते चांगलं काम करतं, पण तुमचा प्रश्न वैद्यकीय नाहीच आणि तो विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. डेंटिस्टना सरळ म्हणा की मला प्राण्याचं नको. कृत्रिम पावडर मिळते, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा हायड्रॉक्सीॲपटाइटची, फॅक्टरीत बनलेली. किंवा तुमच्याच हनुवटीतून, अक्कलदाढेच्या मागून थोडं हाड घेता येतं. आणि एक गोष्ट लोक विसरतात, पावडरीवर जो पातळ पडदा टाकतात तो पण विचारून घ्या, कोलॅजनचा असेल तर तो बहुतेक डुकराचा किंवा गाईचाच असतो. मुकाट्याने टाकून घेतलं आणि मग वर्षभर मनाला लागून राहिलं असं व्हायला नको.

प्रश्न : सर मी सिन्नरचा, बीएस्सी बायोटेकला आहे. बीएमपी जर हाड बनवतं तर नुसतं त्याचं इंजेक्शन द्यायचं ना फ्रॅक्चरच्या जागी. एवढा खटाटोप कशाला?

उत्तर : याच वाटेने सगळे गेले होते रे. १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट यांनी दाखवलं की खनिज धुऊन काढलेलं हाड प्राण्याच्या स्नायूत ठेवलं तर तिथं नवीन हाड तयार होतं, स्नायूत, जिथं हाडाचा काही संबंध नाही. म्हणजे त्या धुतलेल्या हाडात काहीतरी निरोप शिल्लक होता, तोच पुढं बीएमपी. २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, मणक्याच्या ऑपरेशनसाठी बीएमपी-२ ला परवानगी दिली. मग लोकांनी ते मानेच्या मणक्यात पण वापरायला सुरुवात केली, परवानगी नसताना, आणि काही पेशंटना मानेत एवढी सूज आली की श्वास अडला. २००८ मध्ये एफडीएला त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला. अडचण अशी की शरीर स्वतः हे प्रथिन नखाच्या टोकावर ठेवलं तरी दिसणार नाही एवढं कमी वापरतं, योग्य जागी, योग्य वेळी. आपण बाहेरून देतो तेव्हा ते त्या जागेवर टिकत नाही म्हणून मिलिग्रॅममध्ये ओतावं लागतं, आणि मग ते शेजारी पाजारी पण पसरतं, नको तिथं हाड होतं, सूज येते. वर खर्च. म्हणून सशाच्या प्रयोगात बाहेरून काहीच न घालता काम झालं याचं एवढं कौतुक झालं. त्याच प्रयोगात त्यांनी अजून एक करून बघितलं होतं, ते तुझ्या कामाचं आहे. त्या पोकळीत रक्ताच्या नळ्या वाढू नयेत असं औषध घातलं, ऑक्सिजन कमी पडला, तर हाडाच्या ऐवजी कूर्चा (कानात असते तशी लवचिक) तयार झाली. पेशी त्याच, जागा तीच, फक्त आजूबाजूची हवा बदलली. तुला प्रोजेक्ट करायचा असेल तर इथं खोद, बीएमपीवर आधीच फार लोक बसलेत.

प्रश्न : इलिझारोव्हच्या रिंगने (पायाभोवती बसवून तारांनी हाडाला जोडतात ती) उंची वाढते का? माझी ५ फूट ३ आहे, पोलीस भरतीला कमी पडते. (पंचवटी)

उत्तर : वाढते. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत बसवली, हाड कापायचं, काही दिवस थांबायचं, मग रोज एक मिलीमीटर, तेही पाव पाव करून चार वेळा, असं ओढत जायचं आणि मधल्या गॅपमध्ये शरीर नवीन हाड भरत जातं. लहानमोठ्या झालेल्या पायासाठी, इन्फेक्शनने हाड गेलेल्या पेशंटसाठी ही पद्धत म्हणजे वरदान आहे. भरतीसाठी करू नकोस. दोन्ही पायांत महिनोन्‌महिने तारा, इन्फेक्शन, आणि ओढलेले स्नायू पुन्हा पळण्याच्या टेस्टला पहिल्यासारखे साथ देतील याची खात्री नाही. उंचीत पास होऊन धावण्यात नापास झालास तर काय करणार? दुसऱ्या परीक्षा बघ.

प्रश्न : वडिलांच्या खुब्याचा बॉल सुकलाय, एव्हीएन, म्हणजे रक्त न मिळाल्याने हाड मेलंय. एका सेंटरवाल्यांनी स्टेम सेलचं (नवीन पेशी बनवणाऱ्या मूळ पेशींचं) पॅकेज सांगितलंय, म्हणतात कंबरेतून मगज काढून लॅबमध्ये वाढवून परत सोडतो, नवीन हाड शंभर टक्के तयार होणार. पैसे भरायची तारीख पण दिलीये. भरू का? (देवळाली कॅम्प)

उत्तर : पैसे भरू नका. कुठलाही हाडाचा डॉक्टर शंभर टक्के म्हणत नाही, मी कधी म्हटलं नाही. आयसीएमआर आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं स्टेम सेल ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी सगळा स्टेम सेलचा वापर हा अजून संशोधनात धरायचा, म्हणजे तो मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच (पेशंटवरच्या चाचणीतच) व्हायला पाहिजे. आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा त्यांना फोन करा आणि ट्रायलचा रजिस्ट्रेशन नंबर आणि एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र मागा. बहुतेक त्यानंतर तिकडून फोन यायचे बंद होतील.

वडिलांचा एमआरआय घेऊन आधी हे बघायला हवं की बॉल अजून गोल आहे का चपटा झालाय. गोल असेल तर आत ड्रिल मारून दाब कमी करायचं ऑपरेशन असतं, त्यात कधी कधी त्यांच्याच कंबरेतला मगज त्याच वेळी, त्याच टेबलवर काढून भरतात, लॅबमध्ये वाढवणं वगैरे काही नाही. चपटा झाला असेल तर खुबा बदलणं हेच सरळ उत्तर, आणि सिव्हिलला किंवा सरकारी योजनेत बसतं का तेही विचारून घ्या. रिपोर्ट कुठल्याही दुसऱ्या ऑर्थोपेडिककडे दाखवा, फक्त ज्याने पॅकेज सांगितलं त्याने सुचवलेल्याकडे नको.